शहाडच्या राजवाड्यात माझं कोपर

मी एकदा नवऱ्याचा जीव वाचवण्यासाठी हिंदी सिनेमातली आयती चालून आलेली भूमिका शेजारणीच्या गळ्यात घातली. नवऱ्याला तेव्हा साधी सर्दीसुद्धा झालेली नव्हती.

हा मूर्खपणा मी ऐंशीच्या दशकात केला, भर दिवसा केला आणि बी.ए. झालेली असताना केला. लोक काश्मीरला जातात, लंडनला जातात आणि परत येऊन लिहितात. मी डोंबिवलीहून शहाडला गेले. मधे ठाकुर्ली आणि कल्याण, संपला प्रवास. पण मी जिथे गेले तिथे आता तुम्हाला पासपोर्ट काढूनही जाता येणार नाही, कारण तो राजवाडा महिन्याभरात मोडला आणि त्याचं प्लायवूड उल्हासनगरच्या फर्निचरवाल्यांनी नेलं. कोणाच्या तरी घरी त्याचं कपाट झालं असेल. तेव्हा ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

डोंबिवली, निघण्यापूर्वी

ठाण्याचे एक गृहस्थ सिनेमांना गर्दी पुरवायचे. ते आमच्या महिला मंडळात आले आणि म्हणाले, मोठा ऐतिहासिक सिनेमा आहे, राजदरबार आहे, हत्ती आहेत. मुंबईच्या पोरी नऊवारी नेसतात ती तमाशातल्यासारखी. डायरेक्टरसाहेबांना घरंदाज बायका हव्या आहेत.

'घरंदाज' म्हणाले आणि मी संपले. माझे खापरपणजोबा कुठल्याशा संस्थानात दिवट्यांच्या तेलाचं काम बघायचे. ही हकिगत मी मंडळात "आमच्या घराण्याचा दरबाराशी जुना संबंध" अशी सांगत असे. तेलाचा उल्लेख कधी केला नाही. आता दरबारानेच बोलावणं पाठवलं म्हटल्यावर मी घरोघरी सांगत सुटले. वाण्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. सासूबाईंनी आपली ठेवणीतली नथ काढून दिली आणि वर म्हणाल्या, "जप हो. तू एक वेळ हरवलीस तरी चालेल."

नौपाड्याला माझी थोरली जाऊ राहत असे. तिला मुद्दाम ठाण्याला जाऊन सांगून आले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गर्दीत कोण दिसतंय गं? आमच्या बंड्याच्या मुंजीच्या व्हिडिओत तू अख्खी पाठमोरी आहेस. जेवताना."

त्या क्षणी ठरवलं. या सिनेमात माझा चेहरा दिसला पाहिजे. राजा मरो, राणी पळून जावो, पडद्यावर माझा चेहरा दिसला पाहिजे आणि तो जाऊबाईंनी तिकीट काढून बघितला पाहिजे. पुढे जे जे केलं ते या एका हट्टापायी.

आमच्याबरोबर समोरच्या ब्लॉकमधल्या कुंदाताईही होत्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. आम्ही त्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच्या आधीच त्यांचे यजमान गेलेले. साड्यांना फॉल लावून देत, मुलाला शिकवत. मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांना येत, फक्त हळदीकुंकवाला बाहेरच्या खोलीत बसत नसत. आम्ही पुरोगामी बायका, त्यांना टाळायचो नाही. स्वयंपाकघरात मसाला दूध ढवळायला बसवायचो आणि बसायला खुर्ची द्यायचो. भाषणात मी त्याला समता म्हणत असे.

नऊवारी मात्र त्यांच्याइतकी चापूनचोपून कोणी नेसत नव्हतं. म्हणून त्यांनाही घेतलं.

शहाड, पहिला दिवस

स्टेशनबाहेर आमच्यासाठी टेम्पो उभा होता. आदल्या दिवशी त्यातून कांदे गेले असावेत. दरबारातल्या तीस मानकरणी कांद्याच्या वासात उभ्या राहून, एकमेकींच्या अंबाड्यांना धरून, उल्हास नदीच्या कडेने निघाल्या. थंडीचे दिवस होते. नदीवर धुकं, त्याखाली जलपर्णीचा हिरवागार गालिचा, त्यात अर्ध्या बुडालेल्या म्हशी. आणि एका वळणानंतर, भाताच्या कापलेल्या खाचरांत, सोन्याचे कळस!

आम्ही सगळ्या एकदम "अगं बाई!" म्हणालो. पुढून तो राजवाडा असा होता की हात आपोआप जोडले जावेत. मागून बघितला तर बांबू, काथ्या आणि एक माणूस लुंगी वाळत घालत होता. खांब संगमरवरी दिसायचे, पण टिचकी मारली की पत्र्याच्या डब्यासारखे वाजायचे. सिंहासनाचा एक सिंह रात्री कुत्र्याने चावला होता म्हणे. त्याच्या पायाला प्लास्टर लावून तो वाळवत ठेवला होता.

बांधावर एक आगरी म्हातारी चिंचा फोडत बसली होती. कानात बुगड्या, ऐटीत.

"कंची गो तुमी?" तिने विचारलं.

"डोंबिवलीच्या. आम्ही दरबारात आहोत," मी म्हटलं. हे वाक्य म्हणायला मला किती बरं वाटलं, काय सांगू.

"ह्यो राजवारा माजे शेतान हाय," ती म्हणाली. "राजा माजा भारेकरू."

आत कपडेवाटप चाललं होतं. कपडे देणाऱ्या माणसाला तिथे ड्रेसदादा म्हणतात. तो नाव विचारत नाही, शिक्षण विचारत नाही, घराणं तर नाहीच नाही. चेहऱ्याकडे एकदा बघतो आणि गठ्ठा फेकतो. कुंदाताई गोऱ्या, गोल चेहऱ्याच्या. त्यांच्या अंगावर हिरवा शालू पडला. "रानी के बाजू में," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा तेव्हाही उभट होता आणि कांद्याच्या टेम्पोने डोळे लाल झालेले.

"तुम ये लो. विधवा."

हातात आलवण आलं. आलवण म्हणजे जुन्या काळी केशवपन केलेल्या विधवा नेसत ते लाल-मातकट लुगडं. मी ते विस्तव लागल्यासारखं खाली टाकलं.

"भैया," मी म्हटलं, "हमारे मिस्टर अभी हयात है."

"तो क्या हुआ? पिक्चर में मर गए."

"अरे, ऐसा कैसा मर गए! वो डोंबिवली में है, ऑफिस को गए है!"

माझं हिंदी असं संकटकाळी फार फुलून येतं. आजूबाजूच्या मानकरणी जमल्या. कोणी म्हणे, नाटकातसुद्धा सवाष्णीने मंगळसूत्र काढू नये. कोणी म्हणे, माझ्या मावसबहिणीने गॅदरिंगमध्ये कपाळ पांढरं केलं आणि तिच्या नवऱ्याची बदली गडचिरोलीला झाली. माझ्या डोळ्यांपुढे आमचे हे कचेरीत टेबलावर डोकं टेकून पडलेले दिसायला लागले. प्रत्यक्षात ते दुपारी रोजच तसे पडत.

कुंदाताई तोवर आरशापुढे उभ्या होत्या. शालू नेसून झाला होता. मेकअपवाल्याने कपाळावर चंद्रकोर काढली होती, दंडभर हिरव्या बांगड्या चढवल्या होत्या. त्या नुसत्या बघत होत्या, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. जणू आरशातली बाई ओळखीची आहे, पण नाव आठवत नाही.

आणि मी, मंडळाची पुरोगामी चिटणीस, त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "कुंदाताई, आपण कपडे बदलून घेऊ या का? तुम्हाला काय, काही फरक पडत नाही."

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नाही पडत. घे."

पदराच्या टोकाने चंद्रकोर पुसली आणि बांगड्या उतरवायला बसल्या. एक बांगडी वाढवली, म्हणजे फुटली. ती मी पटकन उचलून बाजूला केली. मला अपशकुन नको होता ना!

आता मी हिरव्या शालूत, कुंदाताई आलवणात, नवरा सुखरूप. ड्रेसदादाला काहीच सोयरसुतक नव्हतं. त्याला एक विधवा हवी होती, मिळाली.

त्या दिवशी चित्रण झालंच नाही. हत्तीने राजवाड्याचं तोरण आणि दारापाशी बांधलेल्या दोन केळी खाल्ल्या. शाही पंगतीत तो एकटाच पोटभर जेवला. बाकीच्यांसाठी मांडलेल्या पुरणपोळ्या थर्माकोलच्या होत्या. जिलब्या खऱ्या होत्या, पण कोणी खाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर रॉकेल शिंपडलं होतं. आपल्याकडे पाहुणे येण्याआधी मुलांना डब्याला हात लावू नका असं सांगतात. तिथे सांगण्याचे कष्ट घेत नाहीत.

शहाड, दुसरा दिवस

राणीसाहेब आल्या. मोठ्या हिरॉइन होत्या, नाव सांगत नाही. त्यांच्या नऊवारीला मागून चेन होती, पँटला असते तशी. नथ दाबाची होती, टोचलेली नव्हे. सतत नाकावरून घसरून ओठांवर यायची. राणीसाहेब ती जिभेने वर ढकलत. त्या पायावर पाय टाकून सिंहासनावर बसल्या तेव्हा माझ्यातले खापरपणजोबा जागे झाले.

मी एका सहायकाला गाठून म्हटलं, "हमारे में रानी ऐसी नहीं बैठती."

"मॅडम, आप रानी हो?"

"नहीं."

"तो बैठिए."

आम्ही चटईवर बसलो. सवाष्णींची चटई, वर ऊन. तेवढ्यात एक पोऱ्या घडीची खुर्ची घेऊन आला, दुसरा छत्री घेऊन. खुर्ची मांडून, छत्री धरून ते कोणाला बसवतात म्हणून बघतो तर आलवणातल्या कुंदाताई! चहा कपबशीतून. आम्हाला ग्लासातून, तोही दोघींत एक.

मी त्या गर्दी पुरवणाऱ्या ठाण्याच्या गृहस्थांना विचारलं, "हे काय हो? त्यांना का?"

"अहो ताई, त्यांचं कॅरेक्टर आहे ना. तुम्ही क्राउड."

"कसलं कॅरेक्टर?"

तेव्हा मला तो प्रसंग कळला. राणीचं हळदीकुंकू भरलेलं आहे. दरबारच्या सगळ्या सवाष्णी बसल्या आहेत. तेवढ्यात दारात एक विधवा येऊन उभी राहते. सगळ्यांचे श्वास थांबतात. राणी सिंहासनावरून उतरते, अख्खा दरबार ओलांडते आणि स्वतःच्या हाताने तिच्या कपाळी कुंकू लावते. मग व्हायोलिनं. सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग. कॅमेरा त्या विधवेच्या तोंडावर.

ज्याने ते आलवण काल माझ्या हातात टाकलं होतं त्या ड्रेसदादाकडे मी धावले. तो इस्त्री करत होता. मी म्हटलं, "भैया, वो लाल साडी मेरी है. कल तुमने मेरे को दी थी."

"आपके मिस्टर?"

"उनको चलेगा!"

बघा. चोवीस तासांत मी नवरा मोडीत काढला. पण ड्रेसदादा म्हणाला, साहेबांनी सकाळीच त्या बाईंना बघितलंय, आता काही बदलणार नाही. मी परत येऊन चटईवर बसले. सासूबाईंची नथ नाकात जड झाली होती.

प्रसंग सुरू झाला. मला तिसऱ्या रांगेत, एका खांबामागे बसवलं होतं. कुंदाताई दारात आल्या. राणीसाहेब उतरल्या, चालत आल्या, कुंकवाचं बोट उचललं, लावलं, आणि कुंदाताई हसल्या. छान, सरळ, मोकळं हसल्या.

"कट! विधवा हँस रही है!"

मेकअपवाल्याने कुंकू पुसलं. पुन्हा दार, पुन्हा राणी, पुन्हा कुंकू. पुन्हा हसू. पुन्हा पुसलं. दुपारपर्यंत त्या बाईच्या कपाळाला इतक्या वेळा कुंकू लागलं की आमच्या मंडळाने वर्षभरात सगळ्या सवाष्णींना मिळून लावलं नसेल. डायरेक्टर घसा फुटेपर्यंत ओरडला. शेवटी टोपी काढून कुंदाताईंपुढे जाऊन उभा राहिला.

"माताजी, विधवा हँसती है क्या कभी?"

कुंदाताईंचं हिंदी माझ्याइतकंच. त्या शांतपणे म्हणाल्या, "हँसती है ना, साहेब. दार लावून हँसती है."

वरच्या मचाणावर दिवे धरून बसलेल्या माणसांपैकी कोणीतरी हसलं, मग दुसरं. डायरेक्टर टोपी परत घालून कॅमेरावाल्याला म्हणाला, "रख. हँसने दे."

आता शेवटची संधी होती. कॅमेरा लागला, दिवे लागले. मी विचार केला, चेहरा दाखवायचा तर आत्ताच. राणी कुंकवाचं बोट उचलते आहे तोवर मी हळूच खांबाच्या बाजूला झुकले. अजून थोडी झुकले. आधारासाठी खांबाला हात घातला. खांब माझ्याबरोबर झुकला. पत्र्याच्या डब्यासारखा आवाज करत तो समोरच्या दोन रांगांवरून गेला आणि रॉकेलच्या जिलब्यांत जाऊन पडला. आम्ही दोघं बरोबरच पडलो, मी आणि संगमरवर.

"ये कौन है?"

"क्राउड," ठाण्याचे गृहस्थ घाईघाईने म्हणाले. माझी ओळख त्यांनी एवढीच दिली.

मला त्यानंतर पालखीच्या मागे बसवलं, चवरी धरून. चवरीचे केस तोंडावर येत. बांधावरून आगरी म्हातारी सगळं बघत होती. मला पदरातला जिलबीचा पाक झटकताना बघून तिने चिंचेचं बोटुक पुढे केलं. "खा गो. राजाचा काय खाशील, त्यान रॉकेल हाय." ती चिंच मी खाल्ली. त्या दोन दिवसांत दरबारात मिळालेला तो एकमेव धड घास.

संध्याकाळी टेम्पोत कुंदाताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. आपली नेहमीची फिकट साडी नेसलेल्या. कपाळावर कुंकवाचा लाल डाग राहिला होता. इतक्या वेळा पुसून पुसून तो कातडीतच बसला होता. मी त्यांच्याकडे बघितलं, सांगावं का पुसायला असा विचार केला. आयुष्यात क्वचित शहाणपणा केला, त्यातला तो एक. गप्प बसले. शहाडच्या प्लॅटफॉर्मवर एका गजरेवालीने मला सोडून त्यांच्यापुढे शेवंतीची टोपली धरली. त्यांनी एक वेणी घेतली. माळली नाही, पदरात धरून डोंबिवलीपर्यंत वास घेत आल्या.

ठाणे, पुष्कळ दिवसांनी

सिनेमा लागायला दोन वर्षं गेली. तोवर मी वाण्याला, दूधवाल्याला रोज "येतोय, येतोय" सांगत होते. ठाण्याला लागला तेव्हा मॅटिनीला आम्ही सगळे गेलो. सासूबाई, आमचे हे, कुंदाताई आणि त्यांचा मुलगा, आणि नौपाड्याहून जाऊबाई, डब्यात चिवडा घेऊन.

पडद्यावर तो राजवाडा काय दिसला! मला ठाऊक होतं मागे लुंगी वाळत घातली आहे, तरी माझेही डोळे भरून आले. मग तो प्रसंग आला. दार उघडलं. आणि भिंतीएवढा, छपराएवढा, कुंदाताईंचा चेहरा. कुंकू टेकलं. त्या हसल्या. व्हायोलिनं वाजली, पण त्या हसण्यापुढे ती रडकी वाटत होती. स्टॉलमध्ये शिट्ट्या झाल्या, बाल्कनीत बायका नाकं शिंकरायला लागल्या. सासूबाई कुंदाताईंचा हात धरून बसल्या. त्यांना हळदीकुंकवाला बाहेरच्या खोलीत बसवायचं नाही हा नियम ज्यांनी घातला होता, त्याच या सासूबाई.

मी डोळे फाडून स्वतःला शोधत होते. राणीच्या उजव्या हाताला, पालखीमागे, चवरीच्या केसांतून एक गोष्ट पडद्यावर आली आणि गेली.

"दिसलीस हो!" जाऊबाई अंधारात म्हणाल्या. "कोपर. छान आलंय. थोडं काळं पडलंय, लिंबू चोळ."

सिनेमा सुटल्यावर आम्ही चालत तलावापर्यंत आलो. आमचे हे पुढे शेंगदाणे घ्यायला गेले. पन्नाशीला आले होते, पण चाल तरण्यासारखी. कुंदाताईंचा मुलगा आईकडे अशा नजरेने बघत होता की जणू तिला आज पहिल्यांदाच बघतोय. वाटेत दोन अनोळखी बायकांनी थांबवून विचारलं, "त्या तुम्हीच का हो?" मला कोणी काही विचारलं नाही. कोपरावरून माणूस ओळखू येत नाही.

मला हार मानायची नव्हती. मी जाऊबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ते आलवण खरं तर मलाच दिलं होतं, बरं का. मीच नाही म्हटलं. गेली भूमिका तर गेली. हे बघा आमचे, कसे ठणठणीत आहेत!"

जाऊबाईंनी पहिल्यांदाच मान डोलावली. "ते मात्र खरं," म्हणाल्या.

कुंदाताई शेंगदाण्याचं साल फुंकत होत्या. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, बाजारभाव सांगावा तशा सांगून मोकळ्या झाल्या.

"सुमन, आलवणानं नवरा मरत नाही गं. माझे गेले तेव्हा मी पैठणी नेसून वडाला सूत गुंडाळत होते."